बुद्धिबळातलं ‘बळ’ नेमकं कशाचं?

जॉर्जियातल्या बातुमी शहरात २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला. वय अवघं १९. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हम्पी, जी दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर, म्हणजे या खेळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी झाली होती. मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्याने बाजी मारली आणि त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्याआधी सप्टेंबर २०२४मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवलं होतं. महिलांच्या संघात दिव्या होती, खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी. त्याच डिसेंबरात १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

तेव्हापासून ओळखीतल्या आईवडिलांचा एकच प्रश्न कानावर येतो: “पोराला बुद्धिबळाच्या क्लासला घालू का? गणित सुधारतं म्हणतात.” आमच्या इमारतीच्या फलकावरही क्लासची जाहिरात लागली आहे. एकाग्रता, स्मरणशक्ती, आत्मविश्वास, गणित, सगळं एकाच फीमध्ये. माझी नऊ वर्षांची भाची दोन वर्षं अशा क्लासला जाते. माझे बाबा साठ वर्षांहून अधिक काळ हा खेळ खेळताहेत. त्या दोघांच्या मध्ये बसून मी या प्रश्नाचं उत्तर शोधत आले. मला हा खेळ फार प्रिय आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खोटं खपवलेलं मला चालत नाही.

## नावातच दडलेला दावा

बहुतेक भाषांत या खेळाचं नाव फौजेवरून किंवा राजावरून पडलं. फारसीतल्या ‘शाह’वरून युरोपातली कितीतरी नावं आली. आपण मात्र त्याला बुद्धिबळ म्हणतो. त्यामुळे या खेळाने बुद्धीला बळ मिळतं, असा अर्थ आपण लहानपणापासून न तपासता धरून चालतो.

पण संस्कृतात ‘बल’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: सैन्य. चतुरंग बल म्हणजे चार अंगांची फौज. जुन्या पिढीतले लोक ‘बुद्धिबळं खेळायला बसलो’ असं अनेकवचनात म्हणत, ते बहुधा पटावरच्या त्या फौजेमुळेच. बुद्धीने लढवायची फौज, असा अर्थ घेतला की नावातला दावा बराच नेमका होतो. माझं सगळं म्हणणं या दोन अर्थांमधल्या अंतराबद्दल आहे.

## चार अंगांची फौज कुठून कुठे गेली

आठ गुणिले आठ घरांचा पट भारतात फार जुना. त्याला अष्टापद म्हणत आणि त्यावर फाशांचे खेळ चालत. त्याच पटावर हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ मांडलं गेलं आणि चतुरंग तयार झालं. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त हर्षाच्या राज्याची थोरवी सांगताना एक श्लेष केला आहे. ‘चतुरंग-कल्पना’ म्हणजे फौजेची मांडणी, आणि हातपाय तोडण्याची शिक्षासुद्धा. या राजाच्या राज्यात ती फक्त अष्टापदावरच दिसते, असं तो म्हणतो. एवढी बारीक कोटी वाचकाला कळेल असं बाणाला वाटलं, यावरून खेळ तेव्हा किती ओळखीचा झाला असेल ते ध्यानात येतं.

भारतातून हा खेळ इराणला गेला. तिथे तो चतरंग झाला. जुन्या इराणच्या पहलवी भाषेतल्या एका कथेत हिंदुस्तानचा राजा पट आणि मोहरे पाठवून ‘खेळ ओळखा, नाहीतर खंडणी द्या’ असं आव्हान देतो आणि इराणचा बादशहा खुस्रो याच्या दरबारातला शहाणा बुजुर्गमिहर ते कोडं सोडवतो. कथा रचलेली असेल, पण खेळ कुठून आला याचा मोकळा कबुलीजबाब तीत आहे. पुढे अरबांनी तो उचलला. त्यांच्या लिपीत च आणि ग नव्हते, म्हणून चतरंगचं शतरंज झालं. नवव्या-दहाव्या शतकात अल-अदली आणि अस-सूली यांच्यासारख्या उस्तादांनी त्यावर ग्रंथ लिहिले. ‘शाह मात’ म्हणजे राजा हतबल झाला. राजकारणाच्या बातमीत आपण रोज शह-काटशह वाचतो, तो शह या प्रवासातूनच परत आपल्याकडे आलेला आहे.

मराठी मुलखाशी या खेळाचं नातंही जुनं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात बुद्धिबळाचं सविस्तर वर्णन सापडतं. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात राजनीतीच्या ग्रंथात त्याला जागा दिली. आणि १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं संस्कृतावरून इंग्रजीत आणलेलं बुद्धिबळाचं पुस्तक छापलं गेलं. युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेल्या त्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच स्मरणशक्तीला व्यायाम देण्याचं आश्वासन होतं. म्हणजे आमच्या फलकावरची जाहिरात दोनशे वर्षं जुनी आहे.

## ‘म्हणजे खेळ आपलाच, तसाच्या तसा?’

खेळ आपला हे खरं. तसाच्या तसा मात्र अजिबात नाही.

जुन्या खेळात वजीर हा सगळ्यांत दुबळ्या मोहऱ्यांपैकी एक होता. तिरकं एकच घर चालायचा. अरबी खेळात हत्ती तिरका दोन घरं उडी मारायचा, आणि अकराव्या शतकात अल-बिरुनी या विद्वान प्रवाशाने भारतात पाहिलेला हत्ती वेगळाच होता: एक घर समोर किंवा चार तिरक्या दिशांना एक घर, सोंड आणि चार पाय असल्यासारखा. कोपऱ्यात रथ असे. फारसीत त्याला ‘रुख’ म्हणत, त्याचंच इंग्रजीत रूक झालं आणि युरोपात तो किल्ल्याचा बुरूज दिसू लागला. आपल्याकडे हत्ती कोपऱ्यात सरकला आणि त्याच्या जुन्या जागी उंट आला. युरोपात त्या उंटाच्या जागी कुठे बिशप आहे, तर फ्रान्समध्ये विदूषक.

सगळ्यांत मोठी उलथापालथ पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाच्या आसपास झाली. वजिराची युरोपात आधीच राणी झाली होती. आता तिला सरळ, आडवं, तिरकं, हवं तेवढं चालायची मुभा मिळाली. उंटही पटभर तिरका धावू लागला. संथ, तासन्‌तास रेंगाळणारा खेळ दहा-पंधरा चालींत मात होऊ शकेल इतका धारदार बनला. हाच खेळ पुढे इंग्रजांबरोबर भारतात आला. माहेरहून गेलेली लेक हजार वर्षांनी परतावी आणि तिची चालरीत, पेहराव सगळं सासरचं असावं, तसं हे झालं. आपल्याकडे मात्र देशी पद्धत विसाव्या शतकातही टिकून होती: प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे, आणि शह मिळालेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी.

पंजाबचा मीर सुलतान खान याच देशी पद्धतीत तयार झाला. लंडनला जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्याने ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. ग्रँडमास्टर हा किताब त्याला मरणोत्तर मिळाला, २०२४ साली. एका नियमावलीतलं कौशल्य तो दुसऱ्या नियमावलीत घेऊन गेला आणि ते तिथे चाललं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

## खेळाडूच्या डोक्यात चालतं काय?

डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याकडे २० चाली असतात, काळ्याकडेही २०. एकेक चाल झाली की पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती शक्य होतात, दोन-दोन झाल्या की ७० हजारांच्या वर. एवढं कोणी मोजत बसत नाही. मग चांगला खेळाडू चाल शोधतो कशी?

नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४०च्या दशकात हे तपासलं, आणि १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी त्यात कळीची भर घातली. त्यांचा प्रयोग आपल्यालाही घरी करता येईल. खऱ्या डावातली एक स्थिती पाच सेकंद दाखवायची, झाकायची आणि मोकळ्या पटावर पुन्हा मांडायला सांगायची. उस्ताद जवळजवळ सगळे मोहरे जागच्या जागी लावतो. नवख्याला चार-पाच जमतात. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून टाकायचे आणि पुन्हा पाच सेकंद दाखवायचे. आता उस्तादही जवळपास नवख्याइतकाच अडखळतो.

असं का होतं, ते वाचनातून समजेल. ‘तुळजापूरची भवानी’ हे शब्द एकदा पाहा आणि डोळे मिटा. नऊच्या नऊ अक्षरं आठवतील. आता तीच अक्षरं अशी घ्या: ‘ळभजावारनीतुचीपू’. जमलं? अक्षरं तीच, डोळे तेच, स्मरणशक्तीही तीच. पहिल्यांदा आपण अक्षरं वाचलीच नव्हती, ओळखीचे दोन शब्द वाचले होते.

उस्तादाच्या डोक्यात पटावरचे असे हजारो ‘शब्द’ साठलेले असतात. मानसशास्त्रात त्यांना चंक म्हणतात. आपण पुंजका म्हणू: एकत्र ओळखले जाणारे, अर्थ जुळलेले काही मोहरे. तो पट पाहतो तेव्हा त्याला बत्तीस सोंगट्यांऐवजी पाच-सहा पुंजके दिसतात, आणि प्रत्येक पुंजक्याबरोबर ‘इथे साधारण असं खेळतात’ ही आठवणही येते. आपल्याला जे विलक्षण स्मरणशक्तीचं लक्षण वाटतं, ते वर्षानुवर्षांच्या वाचनातून आलेलं असतं. त्याच खेळाडूला किराणा मालाची यादी तुमच्या-माझ्याइतकीच विसरायला होते.

## मग गणित सुधारतं का?

एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी कामी येणं याला शिक्षणशास्त्रात अध्ययन संक्रमण म्हणतात. स्वयंपाकघरात ते रोज दिसतं. पोळ्या लाटता येणाऱ्या बाईला पुऱ्या लगेच जमतात. भाकरी थापायला मात्र तिला नव्याने शिकावं लागतं, कारण तिथे लाटणंच नाही. कौशल्य जवळच्या कामात सहज जातं. दूरच्या कामात जाताना ते वाटेतच संपतं. सुलतान खान देशी बुद्धिबळातून इंग्रजी बुद्धिबळात गेला तो पोळीतून पुरीकडे. पटावरून त्रैराशिकाकडे जाणं बरंच लांबचं आहे.

इंग्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. १०० प्राथमिक शाळा, नऊ-दहा वर्षांची चार हजारांवर मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही शाळांत प्रशिक्षकांनी शाळेच्या वेळेत ३० तास बुद्धिबळ शिकवलं, बाकी शाळांत नाही. वर्षभराने दोन्हीकडच्या मुलांचे गणिताचे गुण पाहिले. फरक नव्हता. वाचनात नव्हता, विज्ञानातही नव्हता. हा निकाल २०१६ साली जाहीर झाला.

याआधीच्या काही अभ्यासांत फायदा दिसला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांची तुलना काहीच नवीन न शिकणाऱ्या मुलांशी केली होती. नवा शिक्षक, नवा खेळ, मिळालेलं लक्ष यानेही मुलं काही काळ खुलतात. दुसऱ्या गटालाही एखादा रंजक उपक्रम दिला की बुद्धिबळाचं वेगळेपण जवळजवळ उरत नाही, असं जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं. यातले गोबे स्वतः इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या खालोखालच्या किताबाचे मानकरी आहेत. त्यांच्या या निष्कर्षामागे खेळाबद्दलचा आकस नक्कीच नाही.

## ‘पण बुद्धिबळ खेळणारी मुलं हुशारच दिसतात!’

दिसतात, कबूल. पण उंच मुलं बास्केटबॉलमध्ये जास्त दिसतात म्हणून बास्केटबॉलने उंची वाढते असं आपण म्हणत नाही. ज्या मुलांना एका जागी बसून कोडी सोडवायला आवडतं ती या खेळाकडे वळतात आणि टिकतात. ज्यांच्या घरात क्लासची फी, ने-आण आणि रविवारच्या स्पर्धा परवडतात, त्यांनाच हे शक्य होतं. हुशारी आणि पट एकत्र दिसतात, एवढ्यावरून पटाने हुशारी दिली असं ठरत नाही.

आर्मेनियात २०११पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचं आहे, त्याचं काय, असंही मला विचारलं जातं. तो त्या देशाचा आवडीचा आणि अभिमानाचा निर्णय आहे. आपण शाळेत संगीत शिकवतो तेव्हा त्याने भूगोलाचे गुण किती वाढले हे विचारत नाही. बुद्धिबळालाही तो मान मिळावा असं मला मनापासून वाटतं.

## म्हातारपणी स्मृतिभ्रंश टळतो का?

हा प्रश्न बाबांचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. २००३ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात पटावरचे खेळ, वाचन, वाद्य वाजवणं आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी प्रमाणात झालेला दिसला. बातम्यांत मात्र ‘बुद्धिबळ खेळा, स्मृतिभ्रंश टाळा’ असाच मथळा पोचला.

अडचण अशी की हा आजार निदानाच्या बऱ्याच आधीपासून हळूहळू पसरत असतो. आधी हिशेब चुकू लागतात, मग माणूस लाजून पत्ते सोडतो, पट सोडतो. न खेळल्याने आजार आला की आजार येऊ घातला म्हणून खेळणं सुटलं, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही. मी बाबांना सांगितलं की खात्री कुणी देणार नाही, पण रोज संध्याकाळी समोर कुणीतरी येऊन बसतं, बोलणं होतं, डोकं चालतं, यात नुकसान काहीच नाही. त्यांना तेवढं पुरलं.

## मग हाती लागतं काय?

आता भाचीची गोष्ट सांगते.

मागच्या वर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची स्पर्धा होती. लांबच लांब टेबलं, हिरवे गुंडाळायचे पट, प्लॅस्टिकचे मोहरे. तिच्याकडे वजीर आणि हत्ती उरले होते, समोरच्या मुलाकडे फक्त राजा. तो राजा कोपऱ्यात पोचला आणि तिने घाईने वजीर त्याच्यापासून अडीच घरांवर, घोड्याच्या चालीच्या अंतरावर नेऊन ठेवला. मुलाने हात वर करून पंचांना बोलावलं. राजाला शह नव्हता, पण त्याला हलायला एकही घर उरलं नव्हतं. अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. त्याला स्टेलमेट म्हणतात. हातात आलेला डाव अर्ध्या गुणावर गेला.

ती रडली नाही. चाली लिहायच्या कागदावर शेवटची चाल लिहिली, सही केली. घरी येऊन तीच स्थिती पटावर मांडली आणि दोन दिवस कुणाला पट उचलू दिला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मावशी, माझ्यानंतर त्याला काय खेळता येईल ते मी बघितलंच नाही.”

या खेळाचा मला दिसलेला सगळ्यांत खरा फायदा या वाक्यात आहे. प्रत्येक चालीआधी समोरच्याच्या खुर्चीत जाऊन बसावं लागतं. चुकलं तर पाऊस, पंच, जोडीदार, नशीब, कशावरही ढकलता येत नाही. आणि चूक कागदावर लिहिलेली राहते, पुन्हा मांडून पाहता येते. लहान मुलाला स्वतःची चूक इतक्या शांतपणे, कुणी न ओरडता बघायला मिळेल अशी जागा दुसरीकडे मी फारशी पाहिलेली नाही. हा धडा ती भांडणात किंवा परीक्षेत वापरेल का, ते मला मोजता येणार नाही. पटावर मात्र ती आता हात मांडीखाली दाबून बसते, कारण मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो.

आणि घाईची किंमत थोरामोठ्यांनाही मोजावी लागते. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन याने ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला. दोन्हीकडचे हत्ती मारले गेले, मग उंटही, आणि गुकेशचं एक प्यादं जास्त उरलं. जवळजवळ तीन आठवडे चाललेली लढत तिथे संपली.

## ‘मोबाईलच सगळ्यांना हरवतो, मग शिकायचं कशाला?’

१९९७मध्ये डीप ब्लू या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. आज खिशातला फोनही जगज्जेत्याला भारी पडतो. पण पंढरपूरला एसटीही जाते, आणि तरी आषाढीला लाखो लोक चालत जातात. फोनचा खरा उपयोग डावानंतर होतो: कुठे चुकलं ते तो दाखवतो. डाव चालू असताना तो दूर ठेवावा.

क्लासबद्दल विचाराल तर मुलाला खेळ आवडत असेल तर जरूर घाला. मुलींना तर आवर्जून घाला. राष्ट्रीय महिला अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी १९८१मध्ये आशियाई विजेती ठरली. दिव्याच्या आधी ही वाट वासंती, रोहिणी आणि जयश्री या मुंबईच्या तीन बहिणींनी पाडली आहे. मात्र गणितासाठी घालत असाल तर तो तास गणितालाच द्या.

आमच्या घरी सध्या वेगळाच वाद चालू आहे. बाबा देशी पद्धतीने खेळतात आणि भाची क्लासच्या. तिने प्यादं दोन घरं पुढे टाकलं की ते म्हणतात, “आमच्यात एकच घर.” शेवटी तह झाला: एक डाव त्यांच्या नियमांनी, एक तिच्या. त्यांच्या डावात तिने पाठ केलेल्या सुरुवाती निकामी ठरतात, दोघंही पहिल्या चालीपासून विचार करू लागतात आणि बहुतेक वेळा ती हरते.

गेल्या रविवारी तिने त्यांचा राजा कोंडत आणला होता. पुढच्या चालीला शह बसणार, तेवढ्यात बाबांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाहेर काढला. ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली.

“आजोबा, हे एकदाच ना?”

“एकदाच.”

तिने वही ओढली, ती चाल लिहिली, खाली रेघ मारली आणि हात पुन्हा मांडीखाली घेतले.